सुविधाताईंचा बुधवार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालयाच्या प्रमुख आदरणीय डॉ. शिवलीला हिरेमठ मॅडम, व्यासपीठावरील सन्माननीय विश्वस्त मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती सुविधाताई मधाळे, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेले त्यांचे यजमान बुद्धप्रियराव, सर्व डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा, आणि घरातल्या माणसाला तासाभरासाठी शेजाऱ्यांच्या हवाली करून, एक डोळा घड्याळावर ठेवून इथं आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी परशराम गोरल, राहणार येळ्ळूर. चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, म्हणून लोक मला गुरुजी म्हणतात. मघाशी निवेदिका बाईंनी माझी ओळख ‘ज्येष्ठ विचारवंत’ अशी करून दिली. त्यांचा मोठेपणा. पण विचार कमी पडला म्हणूनच मी या रुग्णालयाच्या पायरीशी येऊन पोचलो होतो, आणि तेच आज मला आपल्याला सांगायचं आहे.

मला दहा मिनिटं दिली आहेत. शिक्षकाच्या हातात ध्वनिक्षेपक देऊन त्याला दहाच मिनिटं म्हणणं, हे मॅडम, आपलं धाडस आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल फार चांगलं सांगितलं. त्यांची शिस्त, त्यांचा हात हलका, कोरोनाच्या दिवसांत त्या घरी गेल्या नाहीत. हे सगळं खरं आहे आणि ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. मी मात्र पेशंटबद्दल बोलणार नाही, पेशंटबरोबर आलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे. पेशंटला खाट मिळते, नंबर मिळतो, केसपेपर मिळतो. त्याच्याबरोबर आलेल्याला काय मिळतं? एक पिशवी ठेवायला भिंतीकडेची जागा. आणि घरी गेल्यावर? तिथं डॉक्टर तोच, सिस्टर तोच, मावशी तोच. त्याला कुणी काय शिकवलेलं असतं?

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मसूर काढून झाली होती. माझी पत्नी जयाबाई सोप्यात बसून सुपानं मसूर पाखडत होती, मी समोर पेपर वाचत होतो. सुपाचा आवाज थांबला म्हणून वर बघितलं. सूप मांडीवरून घसरलं होतं, मसूर सगळीकडे सांडली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. आमच्याकडे म्हणतात, अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात बारा दिवस होतो. तिथल्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. बाराव्या दिवशी दुपारी, घरी न्या म्हणाले. हातात चार पानांचा इंग्रजी कागद दिला. एक तरुण डॉक्टर आले आणि त्यांनी उभ्या उभ्या पाच मिनिटं सगळं समजावून सांगितलं, अर्धं कानडीत, अर्धं इंग्रजीत. माझी कानडी बाजारापुरती. भाजीचा भाव विचारता येतो, गिळण्याच्या स्नायूंबद्दल विचारता येत नाही. ते एकेक सांगत होते आणि मी मान हलवत होतो. हौद्री, हौद्री. होय जी, होय जी. शेवटी त्यांनी विचारलं, सगळं समजलं ना? मी म्हणालो, हौद्री.

चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो होतो, समजलं नाही तर हात वर करा, लाजू नका. आणि माझी पाळी आली तेव्हा माझा हात वर गेला नाही. लाज वाटली. मी हेडमास्तर होतो ना!

घरी आलो. आमचा सूरज पुण्याला नोकरीला. आठ दिवस राहिला, रजा संपली, गेला. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मग घरात ती आणि मी. सल्ले द्यायला मात्र अख्खी गल्ली. कुणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा. कुणी म्हणालं अमुक गावात एक जण झाडपाला देतो. मोबाईलवर तर रोज एक नवा इलाज येई. प्रत्येक जण काही ना काही सांगत होता, आणि मला जे पाहिजे होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की हिला जेवायला कसं घालायचं? हिला कूस कशी बदलायची?

मी माझ्या अकलेनं चाललो. तिला उशीवर सपाट झोपवून, पातळ पेज करून, मोठ्या चमच्यानं भरवायचो. ती खोकायची. मी म्हणायचो, अगं गीळ, खाल्ल्याशिवाय ताकद कशी यायची? ती डावा हात वर करायची. मला वाटायचं, नखरे करते. मी तो हात धरून खाली ठेवायचो आणि पुढचा चमचा घालायचो.

माफ करा. इथं मला थोडं पाणी लागेल.

पाठीवर माकडहाडापाशी लाल झालं, तर मी पावडर लावून चोळत बसलो. चोळल्यानं रक्त खेळतं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, छातीतून घर्र घर्र आवाज यायला लागला. शेजारच्या रवळूनं टेंपो काढला आणि त्यातून आम्ही या रुग्णालयात आलो. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, अन्न फुप्फुसात गेलंय. पाठीची जखम पण खोल आहे.

त्या दिवशी वॉर्डात सुविधाताई होत्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांनी जयाबाईची जखम धुतली, ऑक्सिजन लावला, आणि मग माझ्याकडे वळल्या. मी मनात तयारी केली होती की आता बाई चांगलंच झापणार. वर्गात पोराच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ना, ते त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर असतील.

त्या म्हणाल्या, “गुरुजी, वहिनींना कसं भरवत होतासा? मला जरा दाखवा.”

मी म्हणालो, “कसं म्हणजे? चमच्यानं.”

“तसं न्हाय. करून दाखवा.” आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर त्या स्वतः सरळ आडव्या झाल्या! अंगावर गणवेश, डोक्यावर पिना, आणि ही बाई माझ्यासमोर पेशंट होऊन पडली. “मी वहिनी. मला पाणी पाजा.”

मी चमच्यानं पाणी पाजायला गेलो. त्यांनी ते कडेनं सोडून दिलं आणि उठून बसल्या. “आता तुमी पडा.”

मी पडलो. त्यांनी माझ्या तोंडात एक चमचा पाणी घातलं. ते गिळतोय तोवर दुसरा. मला असा जोरात ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. मी धडपडून उठून बसलो.

ताई शांतपणे म्हणाल्या, “तुमाला उठून बसता आलं. त्यांना येत न्हाय.”

मग मला कळलं की ती डावा हात का वर करत होती.

मी त्या खाटेवर बसून रडलो. सत्तरीला आलेला माणूस, सगळा वॉर्ड बघतोय. मी विचारलं, “सिस्टर, खरं सांगा. माझ्यामुळं झालं काय?”

मित्रहो, अशा वेळी बहुतेक माणसं काय म्हणतात? ‘छे छे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नशिबाचा भाग.’ असं म्हणणं सोपं असतं. ताई तसं म्हणाल्या नाहीत. त्या माझ्याशेजारी खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, “भरवण्यामुळंच झालं असावं, गुरुजी. मी खोटं सांगणार न्हाय. पण कसं भरवायचं हे तुमाला कुणी शिकवलं होतं काय? न्हाय न्हवं? मग आता शिका. त्या अजून हायेत.”

‘त्या अजून हायेत.’ या तीन शब्दांनी मला उभं केलं.

सोळा दिवस आम्ही इथं होतो. रोज दुपारी ताई मला शिकवायच्या, आणि शिकवून झालं की माझ्याकडून करून घ्यायच्या. भरवताना पाठ टेकून ताठ बसवायचं. हनुवटी थोडी खाली. पेज पातळ नको, दाटसर पाहिजे. चमचा लहान. ज्या बाजूला जोर आहे त्या बाजूनं घास द्यायचा, गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. पेंगत असेल तर भरवायचंच नाही. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि लाल झालेल्या जागी अजिबात चोळायचं नाही. हे काही फार अवघड नव्हतं. चौथीच्या पोराला शिकवता येईल एवढं सोपं होतं. त्या चार पानांत ते सगळं लिहिलेलंही होतं, हे मला पुढं कळलं. पण इंग्रजीत, आणि माझ्यासाठी नाही. ते पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेलं होतं.

मास्तरकीची सवय. ताई सांगतील ते मी वहीत लिहून काढत गेलो. मोठ्या अक्षरात, लहान वाक्यांत, दुसरीच्या पुस्तकात असतात तशी. घरी जायच्या दिवशी ताईंनी ती वही चाळली. मग म्हणाल्या, “गुरुजी, ही मला द्या. आणि पुढच्या बुधवारी तीनला या.”

“कशाला?”

“शिकवायला.”

असा आपला बुधवार सुरू झाला. पहिल्या दिवशी जिन्याखालच्या बाकावर आम्ही चौघं होतो. मी फळ्याबिळ्याची तयारी करून गेलो होतो. ताईंनी खडू माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, “पहिला अर्धा तास आपण सांगायचं न्हाय. विचारायचं. यांना काय पाहिजे ते यांनाच ठाऊक.”

आणि काय काय प्रश्न निघाले म्हणून सांगू! लघवीची नळी असताना बसमधून नेता येतं काय? बाबा मला ओळखत नाहीत, तर रोज नाव सांगू की गप बसू? आई आयुष्यात कधी शिवी दिली नाही ती आता शिव्या देते, ती माझ्यावर रागावलीय काय? गोळी कुटून पेजेतून दिली तर चालते काय? एका माणसानं विचारलं, किती दिवस चालेल हे? आणि विचारून झाल्यावर त्यालाच इतकी लाज वाटली की तो उठून चालला. ताईंनी त्याला हाताला धरून परत बसवलं. म्हणाल्या, “हा सगळ्यांच्याच मनातला प्रश्न हाय. तुमी इचारलासा म्हणून बरं झालं.”

मालुबाई, तुम्ही मागं बसलाय, दिसताय मला. तुमचं सांगू काय? मान हलवली म्हणजे परवानगी आहे असं धरतो. खानापूरकडच्या या मालुबाई, सासूबाई होत्या तोवर त्यांना घेऊन येत. तीन बुधवार आल्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. चौथ्या बुधवारी वर्ग सुटता सुटता म्हणाल्या, “आक्का, सासूबाईस्नी उचलून उचलून माझी कंबर गेलीया. ते कुठल्या डॉक्टरला दावायचं? केसपेपर त्यांचा हाय, माझा न्हाय.”

ताईंनी सुटलेला वर्ग परत भरवला आणि आम्हा सगळ्यांना, कंबर न मोडता माणूस कसा उठवायचा, ते शिकवलं. उचलण्यासाठी वजनदार पेशंट म्हणून माझी निवड झाली, हे सांगायला हरकत नाही. आणि दुसऱ्या दिवशी मालुबाईंच्या नावाचा केसपेपर निघाला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. आपल्या व्यवस्थापनातल्या एका सद्गृहस्थांनी हरकत घेतली. सिस्टरनं काही सांगितलं आणि उलटं झालं तर जबाबदार कोण? प्रश्न चुकीचा नव्हता. हे प्रकरण हिरेमठ मॅडमांकडे गेलं. मॅडम म्हणाल्या, मी स्वतः येऊन बघते. एका बुधवारी त्या आल्या, मागं बसल्या, सगळे प्रश्न ऐकले. शेवटी म्हणाल्या, “पंधरा वर्षं मी प्रॅक्टिस करते. हे प्रश्न मला कुणी कधी विचारलेच नाहीत.”

मालुबाईंची भीड तोवर चेपलेली. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी कायम हुभ्या असतासा. हुभ्या माणसाला कसं इचारायचं?”

मॅडम हसताहेत. पण त्या दिवसापासून आपल्या रुग्णालयात राऊंडला स्टूल फिरतं. डॉक्टर बसून बोलतात. आणि वर्गाला मॅडमांची परवानगी तर मिळालीच, शिवाय आम्ही जे जे सांगतो ते आधी त्या स्वतः तपासून देतात.

आता माझ्याबद्दल एक कबुली. माझ्या वहीवरून आपण पहिलं पत्रक छापलं, मोठ्या अक्षरातलं, चित्रांचं. मराठीत. मग ताई म्हणाल्या, “आता कानडीतनं बी काढूया.” आता मी येळ्ळूरचा माणूस. सीमाप्रश्नाचा मोर्चा निघाला आणि मी त्यात नव्हतो, असं झालेलं नाही. मी म्हणालो, “ते मला सांगू नका. मी मराठीचा मास्तर.” ताई वाद घालत नाहीत, आपल्याला माहीत आहे. त्यांनी फक्त विचारलं, “गुरुजी, तो चार पानांचा कागद तुमी घरी नेलासा, तवा वहिनींचं काय झालं?”

दुसऱ्या दिवशी ताईंकडून वही घेऊन मॅडमांच्या खोलीत गेलो. मी एकेक वाक्य मराठीत वाचायचो, त्या कानडी सांगायच्या. ‘पेज’ला काय म्हणायचं यावर आमचा पाऊण तास गेला. माझा मराठीचा अभिमान तसूभरही कमी झालेला नाही, आणि मोर्चा निघाला तर मी उद्याही जाईन. पण आता बैलहोंगलकडची एक बाई, तिला मराठीचा गंध नाही, आपल्या नवऱ्याला ताठ बसवून घास भरवते. तो माझ्या वहीतला घास आहे. मला त्याचा आनंद होतो.

आणि जयाबाई? इथून घरी परतल्यावर सातव्या आठवड्यात तिचा पहिला शब्द आला. मी पेज भरवत होतो. तिनं घास तोंडात घोळवला, गिळला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आळणी.”

इतके दिवस मी तिला बिनमिठाची पेज घालत होतो! कुणीतरी मीठ कमी सांगितलं होतं, मी बंदच केलं होतं. तो शब्द सांगायला मी ताईंना फोन केला. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, आणि मग नेमकं किती मीठ चालेल ते डॉक्टरांना विचारून सांगितलं.

आता जे सांगतो ते सांगायला मी काल ताईंची परवानगी घेतली आहे.

ताईंना हे सगळं करावंसं का वाटलं, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी त्यांनी आपल्या आईला वर्गात आणलं. सुलाबाई. उभा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या. डोळे तपासायला इकडं आल्या होत्या, म्हणून बसल्या. त्या दिवशी विषय होता साखरेचा आजार आणि इन्शुलिनची सुई. ताई सांगत होत्या की माणूस जेवला नसेल, उलट्या होत असतील, तर नेहमीसारखी सुई देऊन टाकू नका, आधी आम्हाला विचारा. घाम फुटला, बरळायला लागला, तर समजा साखर उतरलीय. शुद्धीत असेल तर लगेच साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

सुलाबाई मधेच म्हणाल्या, “परत सांग गं.”

ताईंनी परत सांगितलं. त्यांचा आवाज बदलला होता.

ताईंचे वडील देवाप्पा यांना हा आजार होता. दवाखान्यात सुलाबाईंना सांगितलं होतं, रोज सकाळी सुई चुकवायची नाही. बस्स, एवढंच. सुलाबाईंना आकडे वाचता येत नव्हते, म्हणून सुई भरून द्यायची ती नववीतली मुलगी, आणि टोचायच्या सुलाबाई. एके दिवशी देवाप्पांना उलट्या होत होत्या. पोटात काही नव्हतं. पण चुकवायची नाही म्हणून सांगितलेलं. मुलीनं भरली, आईनं टोचली. थोड्या वेळानं त्यांना घाम फुटला, काहीबाही बोलायला लागले. लोक म्हणाले बाहेरचं झालंय. दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत ते गेले. पुढं नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला त्या मुलीनं पुस्तकात तो धडा वाचला, आणि त्या दिवशी तिला कळलं. तिनं ते आईला सांगितलं नाही. आईला मात्र आधीपासूनच कुठंतरी वाटत होतं. दोघी एका घरात राहिल्या आणि याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

त्या बुधवारी वर्ग संपला तरी सुलाबाई बाकावरून उठल्या नाहीत. आम्ही दोघं-तिघं तिथंच होतो. त्या म्हणाल्या, “मला हे कुणी सांगितलंच न्हवतं गं.”

ताई म्हणाल्या, “व्हय आई. कुणी सांगितलं न्हवतं.”

मग सुलाबाईंनी लेकीचा हात धरला. “आणि तुला बी कुणी सांगितलं न्हवतं, लेकी. तू एवढीशी पोर.”

आम्ही बाकीचे जिना चढून वर निघून गेलो. तिथं थांबणं बरं दिसलं नसतं.

ताई, क्षमा करा, पण हे लोकांना कळायला पाहिजे होतं. मला त्या दिवशी खाटेवर तुम्ही खरं का सांगितलंत, ते मला तेव्हा समजलं.

जयाबाई चार वर्षं दोन महिने जगली. काठी टेकून सोप्यापर्यंत यायची. पंधरा-वीस शब्द परत आले होते, त्यातले निम्मे माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला. पाठीला परत कधी जखम झाली नाही. अखेरीला तब्येत उतरत गेली तेव्हा ताई येळ्ळूरला घरी आल्या, सूरजला आणि मला समोर बसवून पुढं काय काय होईल ते सांगितलं. खाणं कमी होईल, झोप वाढेल, हातपाय गार पडतील, श्वास बदलेल. त्या वेळी घाबरून भरवू नका, ओठ तेवढे ओले करत राहा, बोलत राहा, ऐकू येत असतं. तसंच झालं. अगदी त्याच क्रमानं. माझ्या हातात चमचा होता, आणि मी तो खाली ठेवला आणि तिच्याशी बोलत बसलो. काय बोललो ते आमच्या दोघांचं. सकाळी नऊ वाजता ती गेली. दुःख झालं, ते आजही आहे. पण माझ्या हातून आता काय चुकलं, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या घराला तुम्ही काय दिलंत असं कुणी विचारलं, तर ताई, मी हे सांगेन.

असो. बराच वेळ घेतला. निवेदिका बाई दुसऱ्यांदा घड्याळ बघताहेत.

ताई निवृत्तीनंतर काय करणार, असं मघाशी एका वक्त्यांनी विचारलं, आणि ताई नुसत्या हसल्या. त्या सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. सुलाबाई गेल्या पावसाळ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळून आहेत. सोमवारपासून ताई निपाणीला त्यांच्याजवळ असणार. म्हणजे ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्या आता आमच्यातल्याच एक होणार. त्यांना सगळं येतं, हे खरं. पण येतं म्हणून माणूस दमत नाही असं थोडंच आहे?

म्हणून बुधवारच्या मंडळींनी एक ठराव केला आहे. ताईंना तो माहीत नाही. आमच्यापैकी सात जणांची माणसं आता राहिलेली नाहीत. घर मोकळं झालं, पण हातांची सवय गेलेली नाही. दोन तास झाले की अजून हात शिवशिवतात. तर आम्ही सात जणांनी पाळ्या लावल्या आहेत. दर मंगळवारी आमच्यापैकी एक जण सकाळच्या बसनं निपाणीला येईल. सुलाबाईंची कूस बदलेल, त्यांना ताठ बसवून भरवेल, त्यांच्याशी गप्पा मारेल. तो दिवस ताई, तुमचा. झोपा, बाजाराला जा, बुद्धप्रियरावांना घेऊन कुठं फिरून या. पहिली पाळी मालुबाईंची आहे. दुसरी माझी. ‘कशाला गुरुजी, उगीच’ असं तुम्ही म्हणणार, हे ठाऊक आहे. म्हणूनच हे घरी न सांगता भर सभेत सांगतो आहे, म्हणजे नाही म्हणायची सोय राहू नये.

बुधवारचा वर्ग सुरूच राहील. मॅडमांनी त्यासाठी जिन्याखालची जागा सोडून वर एक खोली दिली आहे, आणि पुढच्या बुधवारी तीन वाजता तिथं मालुबाई शिकवणार आहेत. विषय, कंबर.

अध्यक्ष महोदया, आपण मला बोलू दिलंत, विश्वस्तांनी ऐकून घेतलं, आणि घरची काळजी डोक्यात असूनही आपण सर्वजण थांबलात, याबद्दल मी अंतःकरणापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, किंवा कुणाच्या घरातलं दुःख मी नको तेवढं उघडं केलं असेल, तर ते या म्हाताऱ्या मास्तरच्या पदरात टाकून मला क्षमा करावी.

आणि ताई, मंगळवारी दार उघडं ठेवा. मालुबाई सव्वानऊला पोचतील.

नमस्कार.